एका हाताने मिटणारा बूट

छत्रीवाल्याची आणि त्याच्या बायकोची पहिली भेट ही टपाल खात्याच्या इतिहासातली सर्वांत भीषण दुर्घटना होती, असं छत्रीवाल्याचं म्हणणं. बायकोचं म्हणणं एवढंच, की एक माणूस जिन्यावरून पडला.

झालं होतं असं. ऐन तारुण्यात हा गृहस्थ टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावरून खाली निघाला होता. दोन्ही काखांत पोस्टमन मंडळींच्या मोडक्या छत्र्या, दुरुस्तीला नेण्यासाठी. उजव्या बुटाची नाडी सुटलेली. ती त्याने डाव्या पायाने दाबली, उजवा पाय पुढे गेला आणि बाकीचा माणूस मागाहून आला. पहिल्या वळणावर त्याने एक हेडक्लार्क सोबत घेतला, दुसऱ्या वळणावर पार्सलांनी भरलेली ढकलगाडी घेतली, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत हा प्रवासी संघ चांगलाच मोठा झाला होता. महिनोन्‌महिने कुणाच्या बापाला न उघडलेल्या त्या छत्र्या जिन्याच्या दणक्याने एकामागून एक उघडल्या. आपल्या हातून झालेली ती सर्वांत उत्तम दुरुस्ती, असं तो अजून मानतो. खाली तिकिटं चिकटवत उभ्या असलेल्या लोकांच्या जिभा बाहेरच्या बाहेर राहिल्या. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. ते आधीपासूनच बंद होतं, हे बायको सांगते.

ती तेव्हा नोकरीत नवीन होती. खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन फेरीला निघालेली. ती हसली नाही, ओरडली नाही. पिशवी खाली ठेवून वाकली, त्याच्या बुटाची नाडी घट्ट बांधली आणि म्हणाली, "आता उठा. आणि त्या छत्र्या मिटा, लोकांना जायला वाट नाही."

पुढे कितीतरी दिवस ती गाठ सोडवेना म्हणून आपण बूट घालूनच झोपत होतो, असं तो लेकीला सांगायचा.

"काहीतरीच," बायको म्हणायची. मग जरा आठवून, "नाही, खरं असेल. लग्न ठरवायला आले होते तेव्हा खिडक्या उघडाव्या लागल्या होत्या."

आता चांगल्या हातापायाच्या माणसाला बुटाची नाडी बांधता येत नाही, हे ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पण छत्रीवाला हा छत्रीवाल्याचा मुलगा. चालायला लागण्याआधी त्याची बोटं एकच गाठ शिकली होती, छत्रीचं कापड काडीला बांधायची. या गाठीचा गुण एकच, ती सुटत नाही. वादळात कापड फाटेल, काडी मोडेल, छत्री शेजारच्या गावात जाऊन पडेल, गाठ जिथल्या तिथे. बुटाच्या नाडीला मात्र सकाळी बसावं लागतं आणि संध्याकाळी सुटावं लागतं, आणि असला दुटप्पीपणा त्याच्या बोटांना मंजूर नव्हता. लग्नानंतर काही महिने बायकोने रोज त्याच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाली, "एक तर चपला घ्या, नाहीतर दुसरी बायको करा." त्याने चपला घेतल्या.

त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली फट. छताला छत्र्या उलट्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या. पलीकडे बूटवाल्याचं दुकान, आणि दोघांच्या मधे एक फळ्यांची भिंत. या भिंतीला हाताच्या रुंदीची फट होती आणि तिच्यातून दोघांची मैत्री चालायची. एकमेकांचं तोंडही न बघता ते दिवसभर एकमेकांची अक्कल काढत. बूटवाल्याच्या ओठांत कायम चार-पाच बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोले आणि त्याचं साधं बोलणंही कारस्थानासारखं वाटे.

टपालबाईचा, म्हणजे छत्रीवाल्याच्या बायकोचा, उजवा हात मोडला तो तिच्या दयाळूपणामुळे. जिन्यांच्या गल्लीत ती टपाल देऊन उतरत होती आणि मान वर करून खिडकीतल्या आजींशी बोलत होती. विषय होता आजींचा गुडघा. "जिना उतरताना पायाखाली बघत चला," असं सांगता सांगता ती स्वतः खाली गेली.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जुळलं होतं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना भेटायला तयार नव्हते. बोटं वाकडी करून पिशवी अडकवता येई, दार ओढता येई. चिमटीत मात्र काही धरता येईना. बटण नाही, सुई नाही, बुटाची नाडी तर नाहीच.

"येईल ताकद," डॉक्टर म्हणाले. "कधी, ते बोटांनाच विचारा."

पोस्टमास्तर वाईट माणूस नव्हते. वाळलेल्या काडीसारखे, सावध, चष्म्यावरून बघणारे. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही पडलात तेव्हा मला वरून विचारणा झाली. फेरीवर जाणाऱ्याचा बूट पायाला घट्ट बांधलेला पाहिजे, हा नियम काही मी केलेला नाही. तुमचा तुम्हाला बांधता येत नसेल तर तूर्त खिडकीत बसा."

"तूर्त म्हणजे?"

"पुढच्या महिन्यात फेऱ्यांची नवी वाटणी आहे. तोवर बघू."

हे 'बघू' काय असतं ते कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. टपालबाईच्या फेरीवर एका तरण्याबांड पोस्टमनचा डोळा होता, कारण तिच्या फेरीत माणसं दारात उभी राहून वाट बघत. एकदा दुसऱ्याकडे गेलेली फेरी परत मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ती फेरी तिने लग्नाआधीपासून चालवली होती. कुठली पेटी गंजलीय, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, कुणाला पत्र वाचून दाखवावं लागतं आणि कुणाला ते खाली ठेवून गुपचूप निघून यावं लागतं, हे तिला पाठ होतं.

ती खिडकीत बसली. डाव्या हाताने शिक्के मारू लागली, ते असे की शेजारच्या खिडकीतली शाई सांडायची. घरी आल्यावर पहिले काही दिवस ती सगळ्यांशी भांडली. तोवर छत्रीवाला निर्धास्त होता. मग ती गप्प राहायला लागली, तेव्हा तो घाबरला.

"हो बाजूला," एका सकाळी तो म्हणाला. "मी बांधतो तुझे बूट. दाखव तुझ्या साहेबांना."

"तुम्हाला येतं?"

"त्यात यायचंय काय?"

खरंच बांधले. इतके घट्ट की ती दिवसभर कौतुकाने पायाकडे बघत होती. संध्याकाळी ते निघेनात. त्याने ओढलं, दातांनी धरलं, तेल सोडलं. शेवटी लेकीला बोलावणं गेलं. ती चार घरं पलीकडे राहायची; कात्री घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, हे काय बांधलंय?"

"छत्रीची गाठ."

"का? आई वाऱ्याने उडून जाणार होती का?"

नाड्या कापल्या गेल्या. बायको अनवाणी पायांनी खुर्चीत बसून म्हणाली, "अहो, तुम्ही रोज बांधाल हो. शिकालही. पण वाटेत सुटली म्हणजे? प्रत्येक जिन्याखाली येऊन उभे राहणार आहात का?"

छत्रीवाल्याने यावर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो खरोखर विचार करतोय.

"नाही," ती म्हणाली. "दुकान बघा."

दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या फटीतून सल्ला आला. बूटवाल्याने आधी बिननाडीचे, नुसते पाय सारायचे बूट दिले. सपाट रस्त्यावर ठीक. जिना चढताना ती वरच्या पायरीवर आणि बूट खालच्या पायरीवर. मग त्याने चिकटपट्टीचे दिले. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी पट्टीला तिच्याच लोकरी मोज्याचे धागे, मैदानातलं कुसळ आणि कुठल्याशा कुत्र्याचे केस चिकटले. तिसऱ्या दिवशी पट्टी कशालाच चिकटेना.

"लहान मुलांच्या बुटांना चालते की," बूटवाला खिळ्यांमधून म्हणाला.

"लहान मुलं टपाल वाटत नाहीत," टपालबाई म्हणाली.

त्या दुपारी छत्रीवाल्याने ठरवलं की हे आपणच करायचं. बूटवाल्याच्या सात पिढ्यांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचेल अशी त्याला खात्री वाटली, कारण ते किती अवघड आहे याची त्याला कल्पना नव्हती. जगातली बरीच कामं अशाच माणसांनी केलेली असतात. बरीच बिघडवलेलीही.

त्याच्याकडे कळ दाबताच फाडकन उघडणाऱ्या छत्रीची एक स्प्रिंग होती, फार वर्षं जपलेली. ती त्याने बायकोच्या उजव्या बुटात बसवली. नाडीची भोकं पत्र्याने जोडली, बाजूला कळ लावली, आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. बायको स्टुलावर बसली. बूट घालायला मात्र जरा वेळ लागला. एका बाजूने छत्रीवाला दाबत होता, दुसऱ्या बाजूने बूटवाला ओढत होता, आणि लेक स्टूल धरून उभी होती. शेवटी खट्ट झालं.

"आता," छत्रीवाला घाम पुसत म्हणाला, "एका बोटाने ही कळ दाब."

तिने दाबली. बूट उघडला. नुसता उघडला नाही, तर पाय सोडून निघाला, दाराबाहेर गेला, वळला, आणि शेजारच्या दुकानातल्या मांडणीवर इतर बुटांमधे असा जाऊन बसला की जणू विकायलाच ठेवलाय. बूटवाल्याने ओठांतले खिळे काढून हातात घेतले. हे तो फक्त कुणी वारल्यावर करायचा.

"उघडतो चांगला," तो म्हणाला.

टपालबाईने आपल्या मोज्याकडे पाहिलं. "अहो, मला बूट काढायची घाई नाहीये. घालायचाय."

हे त्याला फार लागलं. पण त्याचीही चूक म्हणावी तर कशी? जन्मभर त्याच्या दुकानात जो आला तो 'उघडत नाही' हीच तक्रार घेऊन आला. माणसाला छत्री उघडायची घाई असते. मिटायची वेळ येते तेव्हा तो घरी पोचलेला असतो आणि त्याला चहा हवा असतो. उघडणं हीच छत्रीवाल्याच्या लेखी जगातली एकमेव अडचण होती. जे उघडतं ते बरं झालं, अशी त्याची सरळ समजूत.

काही दिवस त्याने बुटाचं नावच काढलं नाही. फळ्यांच्या फटीतून बूटवाला अधूनमधून विचारायचा, "काय रे, आज कुठे सोडतोयस बूट?" छत्रीवाला उलट त्याची अक्कलही काढेना, तेव्हा बूटवाल्यालाच काळजी वाटू लागली.

मग एका संध्याकाळी भुरभुर पडत होती आणि टपालबाई कचेरीतून सुटून दुकानात आली. हातात तिची जुनी, साधी, बिनकळीची छत्री. दांडा तिने काखेत धरला, दुखऱ्या हाताची वाकडी बोटं दांड्यावरच्या सरकत्या नळीवर अडकवली आणि खाली ओढली. सगळ्या काड्या मुकाट्याने गोळा झाल्या. छत्री मिटली. हे छत्रीवाल्याने आयुष्यभर पाहिलं होतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

"परत उघड," तो म्हणाला.

"आत?"

"उघड गं. हां. आता मीट."

तिने मिटली.

"परत."

"मला चहा हवाय."

"एकदाच. चिमटी लागली का तुला?"

"कशाला लागेल? ओढायचं तर असतं."

छत्रीवाला एकदम उठला आणि छताला टांगलेल्या वटवाघळांवर त्याचं डोकं आपटलं, पण त्याला ते घरी जाईपर्यंत कळलं नाही. बुटाच्या दोन बाजू म्हणजे काड्या. जिभेवर एक छोटा दांडा, दांड्यावर सरकती नळी, नळीला एक कडी. कडीत वाकडं बोट अडकवायचं, वर ओढायचं. दोन्ही बाजू गोळा होतील आणि वर खटका बसेल. बूट बांधायचाच नाही. मिटायचा.

फळीवर थाप पडली. "अरे, ऐक," आणि त्याने सगळं सांगितलं.

पलीकडे हातोडी थांबली. मग, "दांडा घोट्याकडे ठेव. पाऊल जिथे दुमडतं तिथे ठेवलास तर पहिल्या पायरीला मोडेल."

हे छत्रीवाल्याला कधीच सुचलं नसतं, कारण छत्री चालत नाही. पुढचे दिवस त्या फटीतून चामडं, काड्या आणि शिव्या यांची ये-जा चालली. पहिल्या नमुन्यात छत्रीवाल्याने आठही काड्या बसवल्या.

"कमी कर," बूटवाला म्हणाला. "बूट आहे. कोळी पायावर चढतोय असं वाटतं."

आठाच्या चार झाल्या. काड्यांची टोकं टोचत होती. त्यांवर छत्रीच्याच टोप्या बसल्या. कडी आधी इतकी लहान होती की तिच्यात फक्त बूटवाल्याच्या नातवाचं बोट गेलं असतं. ती मोठी झाली. बूट जड झाला, चालताना बारीक कुरकुर करू लागला, आणि दिसायला कसा होता म्हणाल, तर लेक म्हणाली, "आई, कुणी विचारलं तर बाबांनी केलेत म्हणून सांगू नकोस. डॉक्टरांनी दिलेत म्हण."

पण टपालबाईने पाय आत सारला, बोट अडकवलं, ओढलं. टक. मग दुसरा. टक. ती उठली आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आली. मग परत गेली. तिसऱ्या खेपेला ती लेकीवर ओरडली, की ओट्यावर पसारा किती आहे. छत्रीवाल्याने सुटकेचा श्वास सोडला.

वाटणी तोंडावर आली होती. पोस्टमास्तरांनी बूट चष्म्यावरून पाहिले, मग चष्म्यातून पाहिले. "हे नियमात बसतं का?"

"नियम म्हणतो, पायाला घट्ट. ओढून बघा."

त्यांनी वाकून दोन्ही हातांनी बूट ओढला. बूट निघाला नाही. टपालबाई खुर्चीसकट टेबलाखाली गेली.

"घट्ट आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "पण कचेरीत घट्ट असून काय उपयोग? उद्या भरली पिशवी घ्या. मी फेरीला बरोबर येतो."

घरी टपालबाईने नवऱ्याला बजावलं, "तुम्ही यायचं नाही."

"मी कशाला येतोय? माझं दुकान आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. टपालबाई पुढे, पोस्टमास्तर मागे, आणि त्यांच्या बऱ्याच मागे, प्रत्येक कोपऱ्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा, खिशात पक्कड असलेला एक इसम. सपाट गल्ल्या सुरळीत गेल्या. दारादारात लोक थांबून म्हणत होते, "अगं, कुठे होतीस?" आणि ती पत्रं देत, हात न थांबवता उत्तरं देत होती. मग जिन्यांची गल्ली आली. ती पडली होती तोच जिना. वरच्या खिडकीत आजी.

"आलीस का? माझा गुडघा बघ ना..."

अर्ध्या जिन्यावर डाव्या बुटाचा खटका सुटला. नळी घसरून खाली आली आणि बूट उमलला. खाली कोपऱ्यावर छत्रीवाल्याने खिशातली पक्कड उपसली. नाडी सुटावी तसाच सुटला होता त्याने केलेला बूट, आणि तोही साहेबांच्या डोळ्यांदेखत. सगळं संपलं, असं त्याला वाटलं. भिंतीकडे वळायचंही भान राहिलं नाही.

टपालबाई मात्र आजींशी बोलतच होती. बोलता बोलता तिने पाय वरच्या पायरीवर ठेवला, बोट कडीत अडकवलं, ओढलं. टक. "आणि शेक घेताय का रोज?" असं विचारत ती पुढच्या पायरीवर गेली. पिशवी खांद्यावरून उतरवलीही नव्हती.

पोस्टमास्तर धापा टाकत कठड्याला टेकले होते. "बाई, सुटला ना तो?"

"सुटला," ती वरून म्हणाली. "मिटला."

त्यांनी त्यावर उरलेला जिनाभर विचार केला. निदान विचार करत असावेत, कारण बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. वर पोचल्यावर, आजींनी दिलेलं पाणी पिऊन, ते म्हणाले, "सुटायचं काय, माझेही सुटतात. फेरी तुमचीच राहू द्या." मग खाली कोपऱ्याकडे बोट करून, "तो माणूस मघापासून आपल्या मागे आहे. ओळखीचा आहे का?"

टपालबाईने वाकून पाहिलं. छत्रीवाला जमिनीवर बसून पक्कड शोधत होता आणि ती त्याच्या हातातच होती.

"आहे थोडा," ती म्हणाली.

खटका त्याने त्याच दिवशी बदलला. पुढे शेजारीपाजारी बूट बघायला येऊ लागले. हात थरथरणाऱ्या एका निवृत्त शिंप्याला त्याने आणि बूटवाल्याने तसा एक जोड करून दिला, आणि कडेवर जुळी बाळं असलेल्या एका आईलाही. आपण जगाच्या पायातली बेडी सोडवली, असं छत्रीवाला काही काळ फटीतून सांगत असे, आणि पलीकडून उत्तर येत असे, "चामडं माझं होतं." एकदा एका बूट कारखान्याचा माणूसही आला. त्याने जोड हातात घेऊन पुन्हा पुन्हा मिटला, फार वाखाणला, आणि जाताना एक छत्री घेऊन गेला.

वर्षभरात टपालबाईची बोटं पूर्ण बरी झाली. आता ती नाडीचेच बूट घालते. ते हलके असतात.